बिल कमी आल्याची तक्रार

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. पत्र पोचलं की जपून ठेव, रोज रोज पाठवायला मला वेळ नाही. मी ठीक आहे. गुडघा होता तसाच आहे, तो आता घरातलाच माणूस झालाय. तुझी तब्येत कशी आहे ते विचारते, पण उत्तर देऊ नकोस, कारण तू 'मजेत' म्हणणार आणि मी चिडणार. दर रविवारी फोनवर तेच म्हणतोस आणि वर 'बरं, ठेवतो' म्हणतोस. म्हणून फोन सोडला आणि कागद घेतला. कागदावर तुला माझं बोलणं मधेच तोडता येत नाही.

विषय विजेच्या बिलाचा आहे. (कंटाळू नकोस, शेवटपर्यंत वाच. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीस, बारीक कामाची तुला सवय आहे.) आमचं गेल्या महिन्याचं बिल आलं दोनशे सहा युनिटांचं. घरात माणसं तीन: मी, मुलगा आणि सून. ती दोघं दिवसभर कामाला, म्हणजे सगळा संशय माझ्यावर आणि माझ्या शिलाई मशीनवर. मी तडक वीज ऑफिसात गेले. तिथे खिडकीत एक चष्मेवाला साहेब बसतो. त्याचा चेहरा असा, की पाळण्यात असल्यापासून लोक त्याच्याकडे तक्रारीच घेऊन येत असावेत. त्याने मला दर समजावले. पहिल्या शंभर युनिटांना एक भाव, त्याच्या वरच्यांना जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, "हा कुठला धंदा? चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले मी. अख्खा तागा उचलला की दुकानदार भाव उतरवतो. तुम्ही जास्त घेणाऱ्याला चढवून लावता?" तो म्हणाला, "मावशी, जास्त घेऊ नये म्हणूनच चढवतात." मग मी स्थिर आकारावर घसरले. (बिलात असतो बघ. दिवा लावा, नका लावू, तो द्यायचाच. म्हणजे मीटर भिंतीवर नुसतं लटकतं, त्याचा पगार.) मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा साहेबाने हात जोडले आणि म्हणाला, "रोज सकाळी मीटर वाचा. आजच्या आकड्यातून कालचा वजा करा. वीज कुठे जाते ते आपोआप कळेल."

एवढं साधं काम आहे म्हटल्यावर मी कोणाला विचारलं नाही. (विचारत बसण्यात अर्धं आयुष्य जातं.) आमचं मीटर जिन्याखाली. दुसऱ्या दिवसापासून स्टूल, बॅटरी आणि शिलाईचा खडू घेऊन मी हजर. पहिल्या दिवशी आकडा बहात्तर हजार एकशे सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी बहात्तर हजार दोनशे चौदा. वजाबाकी तीनदा केली, शाळा चौथीपर्यंतच असली तरी वजाबाकी माझी पक्की आहे. अडुसष्ट! एका दिवसात अडुसष्ट युनिटं! महिन्याची दोन हजारांवर! आणि बिल आलंय दोनशे सहाचं. म्हणजे ऑफिसला अजून पत्ताच लागलेला नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी मशीन विकावं लागेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि घरात कोणाला कारण न सांगता कारभार हातात घेतला.

फ्रिज दिवसा बंद. दूध नासलं. गिझरची तर पिनच काढून डब्यात ठेवली. मुलगा सकाळी आंघोळीला गेला आणि असा ओरडला की समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. इस्त्री बंद. सून चुरगळलेल्या कपड्यांत कामावर गेली आणि जाताना माझ्या पाया पडली. (ती पाया पडते तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.) मशीनची मोटर सोडवून मी पायाने चालवायला लागले, त्यावर गुडघ्याने काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. इतकं करून अडुसष्टचे एकतीस झाले. पण एकतीस म्हणजेसुद्धा महिन्याचे हजार होतात की रे! तेव्हा मी दारावरची बेलही बंद केली. त्यामुळे नवव्या दिवशी रिडिंग घेणारा आला तो बेल दाबदाबून दमला आणि 'घर बंद' असा शेरा लिहून निघाला होता, तेवढ्यात मी खडू घेऊन जिन्याखाली उतरले. त्याला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, आमचं खरं बिल कधी येणार? तो बिचारा भांबावला. माझे खडूचे आकडे बघितले, मीटरच्या काचेवर अंगठा फिरवला, वर्षानुवर्षांची धूळ निघाली आणि म्हणाला, "आजी, शेवटच्या आकड्याच्या अलीकडे हे टिंब दिसतंय का?"

टिंब होतं. म्हणजे अडुसष्ट नव्हे, सहा पूर्णांक आठ. नऊ दिवस आमचं घर एका टिंबापायी थंड पाण्याने आंघोळ करत होतं. गिझरची पिन गुपचूप परत लावली. मुलाला वाटलं आई निवळली.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या घराचं कनेक्शन माझ्या नावावर आहे. तू तेव्हा परगावी कामाला होतास आणि अर्ज घेऊन रांगेत मी उभी राहिले होते. म्हणून बिलाचा कागद तुझ्या दारात पडतो, पण निरोप माझ्या फोनवर येतो. इतकी वर्षं मी तो न वाचता पुसायची. भावजय तारखेच्या आत भरायची, मला बघायचं कारणच नव्हतं. पण आता मला बिल वाचता येत होतं ना! नवीन कात्री हातात आली की माणूस दिसेल ते कापतो. तुझा निरोप उघडला. युनिटं चौदा.

खरं सांगते, मला आधी अभिमान वाटला. जेवताना फोन उंच धरून मी मुलाला आणि सुनेला सुनावलं, "हा बघा माझा भाऊ! चौदा युनिटांत महिना काढतो. नाहीतर तुम्ही!" मुलगा हसला. सून हसली नाही. तिने फोन हातात घेतला, बघितला आणि म्हणाली, "आई, फ्रिज एकटाच महिन्याला तीस खातो. मामांकडे चौदा कसे?"

तिने फोनवर वीज कंपनीच्या पानावरून मागचे महिने काढून दिले. भावजय होती तेव्हा चौऱ्याण्णव. ती गेली त्या महिन्यात एक्याऐंशी. मग पंचावन्न. मग सदतीस. मग बावीस. आता चौदा. ताट बाजूला सारून मी खडू घेतला. (कागद सापडेपर्यंत थांबायला मला जमत नाही, टेबलावरच लिहिलं.) पंखा चौदा तास फिरला की एक युनिट. झोपताना पाच-सहा तास पंखा, त्याची झाली बारा. संध्याकाळी एक दिवा, त्याचं एक. उरलेल्या एकात तुझा फोन आणि काय असेल ते. फ्रिज नाही. गिझर नाही. टीव्ही नाही. मिक्सर, धुण्याचं मशीन काही नाही. तू फोनवर सांगतोस जेवलो, झोपलो, सामना बघितला. कशावर बघितलास रे? पंख्यावर?

मग मी मनाची समजूत घातली की मीटर बिघडलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीत. साहेबाने मला ओळखलं आणि पाण्याची बाटली जवळ ओढली. मी म्हटलं, "तक्रार आहे. बिल फार कमी आलंय." रांगेतल्या सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मागची एक बाई म्हणाली, "ताई, माझं घेता का? अदलाबदल करू." साहेब म्हणाला, "मावशी, मी इथे बावीस वर्षं आहे. अशी तक्रार कशात लिहायची त्याचा अर्जच नाही आमच्याकडे." मी म्हटलं, लिहा, मीटर सदोष, तपासून द्या. (त्याचे पैसे पडतात. भरले. किती ते विचारू नकोस.) त्याने तुझ्या गावच्या ऑफिसला कळवलं. तिकडच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं, की बिल अचानक उतरलं म्हणजे तारेवर आकडा टाकलेला असणार! मंगळवारी ते दोघं पिशवी घेऊन तुझ्याकडे आले आणि गच्चीपर्यंत तारा तपासत फिरले, ते माझ्यामुळे. तुझ्यावर चोरीचा आळ मी आणला. तू मात्र रविवारी एवढंच म्हणालास, "वीजवाले आले होते, चांगले होते बिचारे." अरे, चोर म्हणून बघायला आलेल्या माणसांनासुद्धा तू चांगलं म्हणतोस!

परवा अहवाल आला. साहेबाने मला आत बोलावलं, खुर्ची दिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, त्या ऑफिसात खुर्ची कोणाला देत नाहीत. त्याने वाचून दाखवलं. मीटर चालू स्थितीत. फेरफार नाही. फ्रिज बंद, आत घड्याळांचं सामान ठेवलेलं. आणि खाली कोणीतरी पेनाने शेरा मारलाय: 'वापर खरा आहे. घरात एकच व्यक्ती.'

धाकट्या, आयुष्यात मी पहिल्यांदा देवाकडे मीटर बिघडलेलं मागितलं होतं रे. तेसुद्धा चांगलं निघालं.

साहेब चष्मा पुसत बसला. मी त्याला म्हटलं, "पुसून काय होणार, नंबर बदला." (मला अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं.) घरी येईपर्यंत मी तुला मनात शंभर शिव्या दिल्या. मग वाटलं, शिव्या मला द्यायला हव्यात. पाच महिने दर रविवारी मी विचारत होते आणि तू सांगत होतास ते मी खरं धरत होते, कारण खरं धरलं की फोन लवकर ठेवता येतो. ती होती तेव्हा तीच फोन घ्यायची आणि अर्धा तास बोलायची. तू मागून काही ओरडायचास ते ती मला सांगायची. आपण दोघं एकमेकांशी तिच्यातूनच बोलायचो, हे ती गेल्यावर मला कळलं. तुलाही कळलं असेल.

मला उपदेश जमत नाही आणि रडारड तर मुळीच नाही. तेव्हा एवढंच. फ्रिजमधून घड्याळं काढ, पुसून घे आणि पिन लाव. आत दूध ठेव, अंडी ठेव, काहीच नसेल तर पाण्याची बाटली ठेव, पण चालू कर. गरम पाण्याने आंघोळ कर. संध्याकाळी दोन दिवे लाव, एक तू बसतोस तिथे आणि एक तू बसत नाहीस तिथे. शंभराच्या आत कितीही जाळ, भाव तोच आहे, मी साहेबाकडून पक्कं करून घेतलंय. पुढच्या महिन्यात मला तुझे साठ दिसले पाहिजेत.

बाकी क्षेम. मी तुझी काळजी वगैरे करत नाही, तसा गैरसमज करून घेऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. : साठ दिसावेत म्हणून रिकाम्या खोलीत पंखा लावून ठेवशील, तर तेही मला कळेल. तू लहानपणापासून तसलाच आहेस.

ता. क. : सून म्हणते, हे सगळं लिहिण्याऐवजी 'मामा, इकडे या' एवढंच लिहा. तिला काय माहीत तू किती हट्टी आहेस. बोलावलं तर येणार नाहीस, म्हणून मी बोलावत नाही. मीच येते. गुरुवारची गाडी आहे, पत्राच्या मागोमागच पोचेन. मशीन मुलाने खोक्यात बांधून दिलंय, जड आहे, स्टँडवर ये.

ता. क. : इथे सगळ्यांना सांगितलंय आठ दिवस. पण मीटरचं रिडिंग महिन्यातून एकदा होतं, आठ दिवसांत काय कळणार? आणि साहेब म्हणतो, एका महिन्यावरून काही सांगता येत नाही, निदान वर्षाचं बघावं लागतं. तेव्हा आतल्या खोलीतलं कपाट अर्धं रिकामं कर. तिच्या साड्या असतील तर हात लावू नकोस. मी आल्यावर दोघं मिळून काढू.