कोण बाहेर राहिलंय?

२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ. (पुरवून वापर, रोज रोज निघत नाहीत.)

पत्र कशाला, फोन कर, असं तू म्हणशील. फोनवर तुम्ही सगळे कायम मजेत असता. कागदावर खोटं लिहिताना हात जरा अडतो, म्हणून पत्र. माझी शाळा दुसरीत सुटली, तेव्हा काना-मात्रा तुझ्या पदरच्या घालून वाच.

तू पाठवलेला तो चिमुकला कॉम्प्युटर शेजारच्या घड्याळवाल्याने स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी बसवून दिला. याच्या आत आणखी एक डबा आहे, त्याला कंटेनर म्हणतात, आणि त्या डब्यात तुमच्या नातीने केलेलं ॲप आहे, असं तो सांगत होता. डब्यात डबा आणि त्यात दाणाही नाही. पण चालतंय हो. दिवेलागणीला मी मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवते आणि तुम्ही सगळे या घरात होतात तेव्हा विचारायची तसं विचारते, की कोण बाहेर राहिलंय. मग फळीवरून एकेक आवाज येतो. थोरला आत आहे म्हणतो, अजून मास्तरांपुढे उभा असल्यासारखा. तुझी आई आत आहे म्हणते आणि वर एक तक्रार जोडते. धाकटा जहाजावर, त्याचं आत म्हणजे लोखंडाची खोली, पण आत ते आत. शेवटी तू, तोंडात काहीतरी कोंबलेलं. मग मी कडी घालते, डब्यावरचं बटण दाबते, आणि तुम्हा सगळ्यांच्या फोनवर कडी लागली असं उमटतं म्हणे. मला आवडलं. तोंडावर सांगणार नाही.

आता कामाचं. तो पाचवा आवाज कोणाचा? तुझ्यामागून एक बाई बोलते. मी बाहेर आहे, म्हणते. बास. ना नाव ना गाव. आवाज घोगरा, घशाला कोरड पडल्यासारखा. कोणा मैत्रिणीला या डब्याची किल्ली दिली असशील तर तिला सांग, या घरात माणूस बाहेर असताना कडी लागत नाही. तिच्यापायी रोज दार सताड उघडं टाकून मी गारठत बसते, आणि बाई काही येत नाहीत. यायचं तर ये म्हणावं, नाहीतर गप बस. ताटकळत ठेवायची ही कुठली रीत?

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझी आजी


९ नोव्हेंबर

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्याउभ्या वाचलं. मैत्रिणीला किल्ली? अगं, मी आईलासुद्धा फोन हरवणार नाहीस ना असं विचारून मग दिली.

नीट सांगते. मी नोकरीत ज्यांचे सर्व्हर सांभाळते ते पाटी लावलेल्या दुकानासारखे असतात, कोणीही यावं. आपलं तसं नाही. आपलं ॲप तुझ्या फळीवर राहतं, आणि तिथे येणारी वाट ज्यांच्या फोनमध्ये मी किल्ली घातली त्यांनाच दिसते. बाकी जगाला तिथे दार आहे याचाही पत्ता नाही. किल्ल्या चौघांना दिल्या: थोरले मामा, आई, धाकटे मामा आणि मी. तुझी किल्ली केलीच नाही, कारण तू विचारणारी. विचारणारीला कोण विचारतं?

पण आवाज खरा आहे. साठवलेला मी ऐकला आणि हसू आलं. आजी, ती बाई तूच आहेस! ते बटण दाबताना तुझंच पुटपुटणं आत जात असणार. तरी तुझ्या समाधानासाठी मी इथूनच जुना कंटेनर अख्खा पाडला आणि कोरा उभा केला. घासूनपुसून नव्हे, जुना फेकून नवा. आधीचं एक अक्षर त्यात उरत नाही. आता बाई येणार नाहीत. तू कृपा करून कडी लाव. गारठ्यात बसून तुला खोकला झाला तर आई माझं बोलणं बंद करेल.

मोठ्यांना नमस्कार असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याहून मोठं कोण उरलंय?

तुझी भिंगरी


१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद, या खेपेला जरा कमीच.

हसलीस ते वाचलं. हसतील त्यांचे दात दिसतील. मी काय पुटपुटते ते मला कळतं, अजून बुद्धी शाबूत आहे. ती बाई बोलते तेव्हा माझा हात कडीवर आणि ओठ मिटलेले असतात. तुझा कोरा डबा आला त्याच संध्याकाळी तीही आली. आणि आता तिला पुढचं वाक्य फुटलंय. मी बाहेर आहे, पायरी ओली आहे, म्हणते.

मी दार उघडून मागच्या पायरीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा कोरडी. आता रोज दिवेलागणीला पायरी चाचपायची मला खोडच लागली आहे.

म्हटलं, तुझ्या कानावर भरवसा नको, दुसरा माणूस बघू. घड्याळवाल्याला बोलावलं. त्याला बंद घड्याळाची कुरकुरसुद्धा ऐकू येते. त्याने डोळे मिटून ऐकलं. आवाज तुमचाच आहे, म्हणाला. मग टोपी उचलून निघायला लागला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, माणूस उभं राहून बोलतं तेव्हा असा आवाज येत नाही, तुम्ही आडव्या पडून, गाल जमिनीला लागलेला असताना बोलल्यासारखा येतोय. मी त्याला सांगितलं, तुमचं डोकं त्या काट्यांबरोबर फिरलंय. चहासुद्धा अर्धा ठेवून गेला.

डबा बंद करू नकोस मात्र. चौघं आत आहेत हे ऐकल्यावाचून मला आता झोप लागत नाही. सवय तूच लावलीस, तूच निस्तर.

काळजी घे असं लिहीत नाही, तू घेत नसतेस.

आजी


२० नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

रागावशील, तरी लिहिते. आज मी ॲप बंद केलं.

प्रत्येक आवाजामागे कोणती किल्ली आणि कुठून आली याची नोंद राहते. थोरले मामा त्यांच्या घरातून, आई तिच्या, धाकटे मामा समुद्रावरून, मी इथून. त्या पाचव्या आवाजापुढे किल्लीची जागा मोकळी आहे. आणि कुठून आला तर बाहेरून कुठूनच नाही. तुझ्या फळीवरून, त्या डब्याच्याच आतून. असं होत नाही, आजी. मी जेवता जेवता ते पाहिलं आणि ताट सरकवून ठेवलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या हुशार माणसाला दाखवलं, तर तो म्हणाला तुझंच काहीतरी चुकलंय, आणि चूक शोधायला बसला. अजून बसलाय.

तेव्हा कंटेनर थांबवला आहे आणि पुसूनही टाकला आहे. फळीवरचा हिरवा दिवा विझलेला दिसेल, घाबरू नकोस. सुट्टी मंजूर झाली की मी स्वतः येते. तोवर दिवेलागणीनंतर तुला फोन करून चौघांची खबर देत जाईन. तू फक्त एक कर. संध्याकाळी मागच्या दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. पायरी ओली असो की कोरडी.

माझ्यासाठी एवढं ऐक, मग हवं तितकं बोल.

भिंगरी


२८ नोव्हेंबर

ती. आजीस, हॉस्पिटलच्या पत्त्यावर, सा. न. वि. वि.

सिस्टर म्हणाल्या, तू सगळ्यांना सारखं एकच विचारतेयस, की तू पडलीस हे घड्याळवाल्याला कळलं कसं. तो तुला सांगणार नाही, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. पण तुझ्यापासून लपवून लपतं कुठे?

डबा बंद करून तुला पत्र टाकलं, त्याच संध्याकाळी मी ऑफिसात होते. तुझ्याकडे दिवेलागण झाली असेल, आता फोन करावा, असा विचार चालला होता. तेवढ्यात टेबलावर पडलेला माझा फोन आपोआप बोलला. मी बाहेर आहे, पायरी ओली आहे. तोच आवाज. कंटेनर बंद होता, पुसलेला होता, आजी, बोलायला तिथे काही उरलंच नव्हतं. शेजारच्या माणसाने ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली. मी तुला फोन लावला. वाजत राहिला. मग घड्याळवाल्याला लावला आणि ओरडले, की मागच्या पायरीकडे पळा. त्या वयात तो भिंतीवरून उडी मारून आला.

खुबा जोडला आहे, चालशील. डॉक्टर आईला म्हणाले, त्या गारठ्यात आणखी थोडा वेळ गेला असता तर हाडाचा प्रश्नच उरला नसता.

मला एकच सांग. तू हाक मारली होतीस का?

येतेच आहे.

तुझी भिंगरी


१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे भरपूर आशीर्वाद. काठी टेकत टेबलापर्यंत येऊन लिहिते आहे, किंमत ठेव.

तू इथे होतीस तेव्हा रोज विचारायचीस आणि मी विषय बदलायची. तुझे डोळे बघून बोलवेना. आता तू लांब आहेस, सांगते.

तुझं बाहेर जाऊ नकोसचं पत्र मला मिळालंच नव्हतं. ते मी हॉस्पिटलात असताना दारात येऊन पडलं. इथे त्या संध्याकाळी फळीवरचा दिवा अचानक विझलेला, चौघांचे आवाज नाहीत, तिचाही नाही. डबा बिघडला असेल म्हटलं. पण मनात आलं, ती बाई बाहेर असेल तर आज सांगणार कशी? म्हणून बघायला गेले. तिला बघायला गेले गं. दुपारी टाकी भरून वाहिली होती, पायरीला पाणी. पाय गेला, आणि वाऱ्याने दार मागे आपटून खटका पडला. गाल दगडावर, तोंडात माती. जीभ उचलेना. हाक कसली मारते? नुसतं मनात येत होतं, आज कोण बाहेर राहिलंय हे कोणी विचारणार नाही, कारण विचारणारीच बाहेर आहे. मी बाहेर आहे आणि पायरी ओली आहे. मनात हं. ओठ हलले नाहीत.

म्हणजे ते शब्द माझेच. पण ते मी आधीच कसे बोलून ठेवले, हे तुझ्या त्या हुशार माणसाला विचार. त्याची चूक सापडली असेल तर.

तू जाताना डबा पुन्हा सुरू करून दिलास आणि माझीही किल्ली केलीस. काल पहिल्यांदा सगळं जुळून आलं. मी विचारलं. थोरला आत, तुझी आई आत आणि गुडघा दुखतोय, धाकटा आत, तू आत. मग मीच मला उत्तर द्यायचं, म्हणजे वेड्यासारखंच. पण तुला कबूल केलं होतं. म्हटलं, मी आत आहे.

कडीला हात घातला तोच फळीवरून आवाज आला. घोगरा नव्हता या वेळी, चांगला शेकलेला, उबेत बसल्यासारखा. मीही आत आले, म्हणाला. तुमच्या फोनवर तो आला नाही, तुझ्या आईला विचारून घेतलं. दार वाजलं नव्हतं. मी वळून पाहिलं तर कोणी नाही. दारातलं पायपुसणं मात्र ओलं होतं, आणि काल दिवसभर बाहेर मी गेले नव्हते.

मी कडी लावली. इतके दिवस जिच्यासाठी दार उघडं टाकलं तिला आता बाहेर काढू कुठे? तू घाबरून लगेच डबा पुसायला बसू नकोस. सहावी किल्लीही करू नकोस, घरातल्या माणसाला किल्ली कशाला? आणि आजी एकटी राहते म्हणून जीव टांगणीला लावणं तर आता सोडूनच दे.

आम्हा दोघींवर लोभ असू दे.

तुझी आजी