पोल्नरच्या चढावरची पकड

वाइडेनाऊ,
ईस्टर होऊन तीन आठवडे झाले

आदरणीय एर्विनमामा,

तुमच्या पायांची सूज उतरली असेल, त्या वृद्धनिवासातला चहा अजून पाणचटच असेल आणि दोन्ही सोसायची ताकद देव तुम्हाला देत असेल, अशा आशेने लिहितो. आम्ही इकडे सुखरूप आहोत. ऱ्होंडा नमस्कार सांगते. (खरं तर ती म्हणाली की मामांना लिही, तुमचा भाचा परत घेऊन जा. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी तो नमस्कारच धरतो.)

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मी पोल्नरच्या चढावर, आपल्या बंद पडलेल्या लोहमार्गाच्या रुळाशी गुडघे टेकून बसलो होतो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. एका हातात इंजिनाच्या ब्रेकचा जुना लोखंडी ठोकळा, त्याला बांधलेला मासे तोलायचा ताणकाटा, आणि शेजारी तुम्ही पाठवलेल्या शेपू घातलेल्या काकड्यांची बरणी. काकड्या केव्हाच संपल्या. फार छान होत्या, त्याबद्दल मनापासून आभार. बरणीत त्या सकाळी जिवंत पैसाकिडे होते, तेच ते काळे, हात लावला की नाण्यासारखं वेटोळं करून पडणारे. बरणी परत पाठवीन म्हणालो होतो, पण त्यांचा वास गरम पाण्यानेही जात नाही, तेव्हा ती तुम्ही विसरलात तर बरं.

एवढ्यात आपले पाद्री ग्रेम आल्टस सायकलवरून आले. रुळावर ओणवा झालेल्या मला पाहून ते खाली उतरले. मग अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "लायल, गाडीची वाट बघत असशील तर तुला बरीच वर्षं थांबावं लागेल हं."

मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हालाही आता सांगायला हवं, कारण फोनवर मी तुम्हाला फक्त भोंग्याचा सूर आणि इंजिनाचा रंग विचारत आलो. त्यातल्या तुमच्या उपकारांची तर गणतीच नाही. जुन्या फोटोंवरून मी संगणकातल्या इंजिनाच्या टपावर एक पांढरा ओघळ मोठ्या मेहनतीने रंगवला होता, आणि जगभरच्या जाणकारांनी त्याला खऱ्याखुऱ्या झिजेचा उत्तम नमुना म्हणून वाखाणलं होतं. ती काकाकुवाची शीट आहे हे फक्त तुम्ही ओळखलंत. (तरी मी ती ठेवली आहे. पक्षीही त्याच मार्गावरचा होता.)

तर संगणकावर गाडी चालवायच्या त्या सिम्युलेटरसाठी मी आपला मार्ग तयार करतोय हे गावात पसरलं, आणि माझ्या शेडमध्ये रांग लागली. गव्हाची उंच कोठारं, स्टेशनची पत्र्याची मुतारी, सगळ्यांचं सगळं जागच्या जागी हवं. वेर्ना लीबेल्टबाईंनी आपलं घर गारपिटीच्या आधीचं दाखवायला लावलं. खानावळवाल्या केल्विन डफील्डने त्याची खानावळ फलाटाच्या जरा जवळ सरकवता येईल का असं विचारलं. मी नाही म्हटलं, तर तो म्हणाला की खुद्द प्रभूने गॅलिलीच्या सरोवरातलं वादळ थांबवलं, तुला एक इमारत हलवता येत नाही.

इथवर सगळं आनंदाचं होतं. मग लोक गाडी चालवू लागले, आणि एकेक जण पोल्नरच्या चढावरून भरधाव वर जाऊ लागला. केल्विन एका हातात सँडविच धरून चढला. वर पोचून मागे वळून म्हणाला, "हे बघ. आणि तुझा मामा म्हणे किड्यांनी अडवला."

मामा, तो दिवस कोण विसरलंय? गावाची शताब्दी, तुम्ही आणत असलेली खास गाडी, फलाटावर बँड, लीबेल्टबाईंचे सॉसेज, आणि अर्ध्या चढावर थांबलेले तुम्ही. शहरातून तुमच्या गाडीने निघालेले धर्माध्यक्ष पायघोळ झगा सावरत गवतातून चालत आले. बँडवाल्यांनी तेच स्तोत्र इतक्यांदा वाजवलं की त्यांच्यात कर्णा फुंकणाऱ्या, आमच्या शाळेतल्या एकमेव गुरुजींचे ओठ दोन दिवस सुजलेले होते, आणि आम्हा मुलांना तेवढीच सुट्टी मिळाली. रुळांवर पैसाकिडे होते, चाकांखाली चिरडून तेलासारखे झाले, असं तुम्ही सांगितलंत. कोणी ऐकलं नाही. त्या चढाला अजून लोक 'एर्विनचा विसावा' म्हणतात. आणि मी, ज्याला तुम्ही इंजिनात शेजारी उभं करून पहिल्यांदा भोंग्याची दोरी ओढायला दिलीत, त्याच मी तुमच्या सन्मानासाठी मार्ग बांधला, तर त्याने तुमच्याविरुद्धच साक्ष दिली.

म्हणून ती बरणी आणि तो काटा. माझ्या मार्गावरचे रूळ बारा महिने स्वच्छ आणि कोरडे होते, आणि रुळावर चाकाची पकड किती असावी याचा आकडा तर मीच घालतो. मी रुळाचा एक तुकडा घासून चकचकीत केला, ठोकळा त्यावरून ओढला, काटा किती ताणतो ते पाहिलं. मग किडे पसरले, ठोकळ्याने चिरडले (देव मला क्षमा करो, तेही त्याचीच लेकरं), आणि पुन्हा ओढला. ठोकळा इतका सुळकन आला की मी पाठीवर पडलो. पाद्रीबाबांनी सायकल टाकली, बाह्या सारल्या, आणि दुसऱ्यांदा त्यांनी ओढला. तेही पडले. दोघेही तसेच चर्चमध्ये गेलो. तिथे फुलं लावत असलेल्या बायकांनी लगेच सगळ्या खिडक्या उघडल्या.

तो आकडा मी पोल्नरच्या चढावर घातला, गाडीला शताब्दीची तारीख लावली आणि केल्विनला बोलावलं. त्याने सँडविच आणलं होतंच. अर्ध्या चढावर चाकं गरगर फिरू लागली आणि बाहेरची झाडं जागची हलेनात. त्याने पकडीसाठी रुळावर वाळू सोडली, गाडी मागे घेतली, पुन्हा जोर लावला. सँडविच खाली ठेवलं. शेवटी गाडी मागे घसरू लागली तेव्हा तो टोपी काढून नुसता बसून राहिला. मग त्याचा भाऊ बसला, तोही अडकला. परदेशातल्या कोणा चालकाने लिहून पाठवलं की तुमचा मार्ग सदोष आहे, दुरुस्त करा. मी त्याला नम्रपणे कळवलं की सदोष मार्ग नाही, हवामान आहे.

लीबेल्टबाई सर्वात शेवटी आल्या. सॉसेज गार झाल्याचा राग त्यांनी आजवर जपला होता, हे तुम्ही जाणता. चष्मा लावून, पाठ ताठ करून बसल्या आणि तीन वेळा अडकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बिचारा एर्विन. आणि आम्ही त्याला जेवायलाही बसवलं नव्हतं."

मामा, ही मेहनत कशासाठी केली ते त्या एका वाक्यात मला मिळालं. तुमच्या शिकवणीचे, तुमच्या भोंग्याचे आणि (हो) तुमच्या काकड्यांचेही आभार मानावे तेवढे थोडे.

प्रभूची शांती तुमच्यावर राहो.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
लायल

ता. क. १: येत्या रविवारी प्रार्थनेनंतर लीबेल्टबाईंनी तुम्हाला जेवायला बोलावलं आहे. सॉसेज आहेत. गाव सोडल्यापासून तुम्ही एकदाही आला नाहीत, तर आता याल का? न्यायला मी येईन. वाटेत तुम्हाला वाटेल तिथे गाडी थांबवीन आणि कारण विचारणार नाही.

ता. क. २: पत्र बंद करवत नाही. चढावर मी जो आकडा घातला तो काट्याने दाखवलेला नव्हता. त्याच्या निम्मा होता. काट्याचा आकडा घालून पाहायची भीती वाटली, न जाणो कोणी वर चढलं तर. निम्म्या पकडीवर तर स्वर्गातून येणारी गाडीही चढली नसती. काल प्रार्थनेत उभा होतो, आणि तोंडातून स्तोत्राचा एक शब्द निघेना. घरी जायच्या आधी पाद्रीबाबांना सांगितलं. ते म्हणाले की ते स्वतःही त्या रुळावर पडले होते, एवढं त्यांना पुरे आहे, पण तुला पुरे नसेल तर जा आणि नीट कर.

ता. क. ३: आज सकाळी खरा आकडा घातला. मग केल्विनला आणि लीबेल्टबाईंना जाऊन सांगितलं की आधीचा खोटा होता. केल्विन म्हणाला, तुझ्या मामाच्या नावाने मी एकदा तरी गप्प बसलो, ते आता परत घेता येत नाही. लीबेल्टबाईंनी कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "जेवणाचं आमंत्रण मी आकडा पाहून देते का? त्याला सांग, बारा वाजता."

खऱ्या आकड्यावर हुशार चालक वर जाईल की नाही, मला माहीत नाही. आजवर एकही मार्ग मी स्वतः शंभरदा चालवून पाहिल्याशिवाय जगासमोर ठेवलेला नाही. हा दुरुस्त केलेला मात्र ठेवला. अर्ध्या तासापूर्वी तो सगळ्यांना खुला करायचं बटण दाबलं. पोल्नरच्या चढावर मी चाचणी घेतलेली नाही, आणि मामा, मी ती घेणार नाही; तुम्ही सांगितलं होतं, तेवढं मला पुरे आहे.