डबल बेल दिल्याशिवाय

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार

प्रिय हंबीर,

तीन महिने झाले, तुझा पत्ता नाही. फोन लावावा तर बंद, आणि चालू असला तर तू उचलत नाहीस. आता उचललास तरी काही उपयोग नाही म्हणा. माझा आवाज गेलाय, फोनवर नुसती फुसफुस ऐकू येते. म्हणून हे पत्र. मलकापूर गाडीवर, कधी पुढं घाटातही, सतरा वर्षं तू ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. जे काय बोलायचं ते मी मागनं ओरडून सांगायचो आणि तू आरशात बघून मान हलवायचास. तेव्हा अक्षराला हसू नकोस, आणि पुरतं वाचल्याशिवाय पत्र खिशात कोंबू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

काल तुझा पुतण्या जोतीराम येऊन गेला. पंचवीस किलो नवा तांदूळ आणला, मधाची बाटली आणली, आणि काकांनी तब्येत विचारलीय म्हणाला. अरे, तब्येत विचारायला पोतं पाठवतात होय? पोतं मोटारसायकलवर बसून शाहूवाडीहून कोल्हापूरला येऊ शकतं आणि तू येऊ शकत नाहीस? काका कसे आहेत म्हणून मी खुणेनं विचारलं, तर त्यानं मोबाईलवर तुझा फोटो दाखवला. अंगणात खुर्ची टाकून चहाचा कप धरून बसलायस, मिशीला कलप, डोक्याला टोपी, जणू सासरवाडीला निघालायस. थोडा खोकला हाय, बाकी ठणठणीत, असं जोतीराम म्हणाला. तो फोटो मी त्याच्याकडून मागून घेतला.

तू येत नाहीस आणि ज्यांनी येऊ नये ते रोज येतात. त्यांचा एक विचित्र प्रकार बघ. माझा आवाज बसलाय म्हटल्यावर समोरचा माणूसही कुजबुजायला लागतो. कोल्हापूरची माणसं ही, ज्यांच्या साध्या बोलण्यानं शेजारच्या गल्लीतली मांजरं पळतात, ती माझ्या खाटेपाशी बसून घसा दाबून बोलतात. अरे, घसा माझा गेलाय, कान शाबूत आहेत की! परवा वरच्या मजल्यावरची आक्का आली. अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांशी फुसफुसत बसलो. शेवटी तुझ्या वहिनीनं स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, कुणाच्या घरावर दरोडा घालायचं ठरतंय म्हणून.

दुसरा प्रश्न तर ठरलेलाच. किती ओढत होता? नाव कॅन्सरचं निघालं, तेही फुप्फुसाच्या, की लगेच हा प्रश्न. मी बोटानं शून्य काढून दाखवतो. मग माझ्याकडं अशा नजरेनं बघतात, जशी मी फुकट्या प्रवाशाकडं बघायचो, तिकीट हरवलं म्हणाला की. जन्मात एकदा, आंबा घाटात, तुझी विडी हातात घेऊन एक झुरका मारला आणि रस्त्याच्या कडेला ओकलो. तूच पाठ चोळलीस आणि तूच पोट धरून हसलास. माझा एकुलता एक साक्षीदार तू, आणि साक्षीदारच फरार झालाय.

तुला कुणी नीट सांगितलं नसणार म्हणून मीच सांगतो. जोतीरामला विचारून काय उपयोग नाही, तो जाऊन सांगेल पिराजीकाकांच्या छातीत कायतरी हाय. सुरुवात गेल्या वर्षी दिवाळीत झाली, कोरड्या खोकल्यानं. आमच्या पेठेतल्या एका डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, डाग दिसला, टीबी म्हणाला आणि बेडका न तपासताच गोळ्या चालू केल्या. मीही खूश. टीबी म्हणजे ओळखीचा आजार, गोळ्या खाल्ल्या की बरा होतो, कुणाला नको असणार? चार महिने लघवी केशरी झाली आणि खोकला जिथल्या तिथं. पँटला दोन नवी भोकं पाडली, म्हणजे पट्ट्याला. वहिनी म्हणायची गोळ्यांनी भूक मेलीय. मीही तेच म्हणायचो. सगळे एकमेकांची समजूत घालत होतो, तपासत कुणीच नव्हतं. आठवलं की माझाच मला संताप येतो.

मग जूनमध्ये आवाज बसला. इथं तर कहर झाला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या करून तोंड सोललं. राजवीरनं, म्हणजे माझ्या पोरानं, मेडिकलमधून चोखायच्या गोळ्यांचा अख्खा डबा आणला. सगळं खानदान माझ्या घशात वाकून बघत होतं आणि दुखणं होतं एक वीत खाली. शेवटी घशाच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं आणि म्हणाला, तुमचा घसा चांगला आहे, पण आवाजाची एक पट्टी हलत नाही, छातीचा स्कॅन करा. मला वाटलं, हा खुळा आहे की काय.

खुळा तो नव्हता. राजारामपुरीतल्या छातीच्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठीच्या मागं चित्र काढून दाखवलं. आवाजाची जी नस आहे, ती मेंदूकडून येते, पण डाव्या बाजूची सरळ गळ्यात जात नाही. आधी छातीत उतरते, तिथं वळसा घालते आणि परत वर येते. म्हणजे वाटेतल्या बांबवड्याचा प्रवासी आधी मलकापूरपर्यंत न्यायचा आणि परत आणून बांबवड्याला उतरवायचा. असला रूट कुणी आखला म्हणून मी विचारलं, तर बाई हसल्या. त्या वळणावर माझी गाठ बसली आहे. तिनं नस दाबली आणि आवाज बंद पडला. आता पाणी प्यायलं तरी ठसका लागतो, कारण गळ्याचा दरवाजा नीट मिटत नाही.

ऑगस्टमध्ये जिना चढताना दम लागला म्हणून दवाखान्यात ठेवलं, ते तुला माहीत आहे. फुप्फुसाच्या बाहेर पाणी साचलं होतं. दीड लिटर काढलं, फिक्कट लाल चहासारखं. फुप्फुस चांगलं फुगायला बघतंय पण त्याला जागाच नाही, बाजाराच्या दिवशीच्या गाडीसारखं. पुढं सरका म्हणून सांगणार कुणाला? गाठीचा तुकडा काढून तपासला. पाठीच्या मणक्यावरही एक ठिपका निघाला. म्हणजे हे बरं होणारं नाही, थोपवता येणारं आहे. बाईंनी हे मला तोंडावर सांगितलं, मीच तसं सांगा म्हटलं होतं. माझ्या गाठीला लागू पडेल अशी रोजची एक गोळी निघाली. तिनं खोकला उतरलाय, पाणी परत भरलेलं नाही, आणि त्रेसष्टाव्या वर्षी तोंडावर कॉलेजच्या पोरासारखे फोड आलेत. वहिनी म्हणते, आता तुमच्यासाठी स्थळं बघू का?

आता मुद्द्यावर येतो. तू का येत नाहीस ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. दोघंही मूग गिळून बसलोय. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तू शहाळी घेऊन आलास, तेव्हा वहिनी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलली, "भावजी, विडी तुम्ही ओढली आन् धूर ह्यांनी गिळला." तू शहाळी दारात ठेवलीस आणि गेलास. मी हाका मारल्या, पण कसल्या हाका, नुसती हवा. ज्या माणसानं सतरा वर्षं माझं ओरडणं इंजिनाच्या आवाजातून ऐकलं, तो दहा पावलांवरून माझ्याकडं पाठ करून गेला. मला कॅन्सरचा जेवढा राग आला नाही तेवढा तुझा आला.

वहिनीचं सोड. दोन रात्री झोप नव्हती तिला, कुणावर तरी फुटायची होती, तू सापडलास. पण ती बोलली ते माझ्याही डोक्यात राहिलं, खोटं कशाला सांगू. पावसाळ्यात काचा बंद करून तू घाटात विडी पेटवायचास आणि मी खोकत खोकत शिव्या घालायचो. तेव्हा ते सगळं गमतीचं होतं. म्हणून मी डॉक्टरबाईंना पाटीवर लिहून सरळ विचारलं, माझ्या ड्रायव्हरच्या विडीनं मला हे झालं का? पाटी वाचून त्या म्हणाल्या, "पिराजीराव, गाठीवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं." दुसऱ्याच्या धुरानं धोका वाढतो, हे त्यांनी नाकारलं नाही. पण डिझेलचा धूर आहे, लहानपणी आईच्या चुलीपुढं गिळलेला धूर आहे, आणि काहीच कारण नसताना होणारेही पुष्कळ आहेत. माझ्या एका गाठीपुरतं नक्की कुणीच सांगू शकत नाही.

तेव्हा तुला निर्दोष सोडतोय असं समजू नकोस, आणि फाशीही देत नाही. शिक्षा तूच स्वतःला ठोठावून तांदळाचा हप्ता भरत बसलायस, त्याचा मला वैताग आहे. तुझा तांदूळ वहिनीनं कालच शिजवला. पहिला घास घेतला आणि पदर डोळ्याला लावून उठली. मी पत्र लिहितोय बघून मघाशी म्हणाली, लिवा, मी रागानं बोलले, त्यांनी मनातनं काढून टाकावं. हे ती तुझ्या तोंडावर कधी म्हणायची नाही, तेव्हा मी लिहिलंय तेवढ्यावर भागव.

पण हंबीर, एवढ्यासाठी मी बोटं दुखवून चार पानं लिहिली नाहीत. पहिल्या भेटीत बाईंनी माझ्या छातीच्या आधी माझे हात बघितले होते. दोन्ही हातांच्या अंगठीच्या बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगितली. चांगल्या माणसाच्या दोन नखांमध्ये बारीक शंकरपाळीएवढी फट राहते, उजेड दिसतो. माझी फट बुजलेली होती. बोटांची टोकं फुगलेली, नखं पालथ्या पळीसारखी वळलेली. फुप्फुस बिघडतं आणि बोटं सांगतात, आणि मी चार महिने त्याच बोटांनी गोळ्या खात होतो, एकदाही बघितलं नाही. काल जोतीरामनं तुझा फोटो दाखवला ना, कप धरलेला? मी तो दोन बोटांनी मोठा केला. मिशी नाही बघितली, तुझी बोटं बघितली. मग जोतीरामला पाटीवर लिहून विचारलं, काकांची अंगठी कुठाय? तर म्हणाला, बोटातनं निघंना म्हणून सोनाराकडं कापून काढली. आणि खोकला किती दिवस? तर म्हणाला, गणपतीच्या आधीपासनं, काका म्हणत्यात भाताची धूळ हाय. भात कापणीला आलं दिवाळीत. ही धूळ गणपतीला कुठनं आली? लगेच घाबरू नकोस. आज सकाळीच राजवीरनं जाऊन बाईंना फोटो दाखवला. नखं अशी दुसऱ्याही दुखण्यांनी होतात, फोटोवरून काही सांगता येत नाही, पण माणूस समोर आणा म्हणाल्या. गुरुवारी साडेअकराचा तुझा नंबर लावलाय. कुणी न तपासता टीबीच्या गोळ्या दिल्या तर घ्यायच्या नाहीत, ज्येष्ठमध चघळत बसायचं नाही. हे पत्र दुपारच्या मलकापूर गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, मोना तिचं नाव, आवाज माझ्यासारखा खणखणीत, म्हणजे माझा होता तसा. गुरुवारी सकाळी आठच्या गाडीला तीच आहे आणि पुढची सीट तुझ्यासाठी धरणार आहे. माझी राहिलेली वर्षं किती ते बाई सांगत नाहीत, पण जी काय असतील ती मला तुझ्या उरावर बसून घालवायची आहेत, तुझ्या तेराव्याचं जेवण जेवून नाही. आत्ता उठ आणि दोन बोटांची नखं पाठीला पाठ लावून उजेडाकडं धर. सतरा वर्षांत माझी डबल बेल ऐकल्याशिवाय तू गाडी कधी हलवली नाहीस. मी अजून दिलेली नाही.

तुझाच कंडक्टर,
पिराजी