जन्मजात महानुभाव

१२ ऑगस्ट १९७८, साकोली
बाबांनी आज पुन्हा तोच विषय काढला. उपदेश कधी घेतोस? घरात आजोबांपासून महानुभाव पंथ आणि एकुलता एक मुलगा एकोणचाळिसाव्या वर्षीही उपदेशाविना. म्हणजे महंतांसमोर बसून, बाकीचे सगळे देव सोडले असा शब्द दिलेला नाही, इतकंच. मी शांतपणे समजावलं. ज्याचा जन्मच पंथात झाला त्याला वेगळी ॲडमिशन कशाला? ती सोय बाहेरून येणाऱ्यांसाठी. तर म्हणाले, "माह्या घरी जन्मला त तू माहा पोरगा झाला. देवाचा कसा झाला?"
म्हातारपणी माणूस हट्टी होतो. मनावर घेतलं नाही.
निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठून नामस्मरण.

१३ ऑगस्ट
उठलो सात वाजता. स्मरण दुकानातही करता येतं. पण रेडिओ दुरुस्तीचा धंदा, सतत काहीतरी वाजत असतं. मन लागलं नाही.

२ सप्टेंबर
जेवण शेजारच्या पानठेल्यावाल्या बाबुलालकडे. तलावाची ताजी मासळी. पंथात मांस-मासे वर्ज्य, हे मला लहानपणापासून पाठ आहे. आणि उपदेश घेतलेलाच नाही, त्यामुळे टेक्निकली मी काही मोडलेलं नाही.
बडीशेप खाऊन घरी गेलो. बायकोने, ललिताने, काही विचारलं नाही. तिची ही सवय मला आवडत नाही.

१७ सप्टेंबर
ललिता पहाटेच उठून स्मरणाला बसते. माहेर मातामाय देवीला मानणारं, कोंबडं-नारळ सगळं. लग्नानंतर चार वर्षांनी आपणहून उपदेश घेतला. नव्या माणसाला उत्साह असतोच. आमच्यासारख्या मुरलेल्यांना दाखवायची गरज पडत नाही.

८ ऑक्टोबर
बाबांचा दमा वाढला. दोन पावलं चालले की बसतात. माझा हात धरून म्हणाले, दत्तजयंतीला मठात जाऊ, तू उपदेश घे, मी एकदा डोळ्यांनी पाहून घेतो. मग कधीही गेलो तरी चालेल.
हो म्हणालो. मासळी दिवाळीनंतर बंद.

३ नोव्हेंबर
आमच्या रुखमाच्या अंगावर गोवर उठला. सहा वर्षांची पोर, तापाने लाल झाली आहे. सासूबाई बायजाबाई धावत आल्या. म्हणाल्या, "माता आली पोरीच्या अंगावर. औषध नोका देऊ. मातामायले नारळ कबूल करा." ललिता हात जोडून नाही म्हणाली आणि डॉक्टरकडे घेऊन चला म्हणाली. मग मी सासूबाईंना पंथाचं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. एकच परमेश्वर, बाकी देवतांच्या हाती काही नाही. अर्धा तास बोललो. स्वतःचंच कौतुक वाटलं. हे संस्कार जन्मातूनच यावे लागतात.

६ नोव्हेंबर, सकाळ
रुखमाची छाती भरली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि आज काही सांगता येत नाही म्हणाले. ललिता पोरीच्या उशाशी बसून आहे, ओठ हलताहेत. बाबा कोपऱ्यात बसून आहेत, त्यांचेही. मीही बसलो. नाव घेतो आणि पुढचं काही सुचत नाही.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
औषध आणायला निघालो होतो. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं आहे. सायकल कशी थांबली माहीत नाही. चपला काढल्या. पोर वाचली तर कोंबडी देईन, असं म्हणालो.
हा विश्वास नव्हे. हा विमा आहे. विमा सगळेच काढतात.

१० नोव्हेंबर
ताप उतरला. रुखमाने पेज मागितली. ललिता म्हणाली देवाने ऐकलं. सासूबाई म्हणाल्या मातामायने. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन वेळेवर पडलं. मी तिघांनाही हो म्हणालो. बाबा आज चक्क हसले. दत्तजयंती पक्की.

२८ नोव्हेंबर
प्लॅन तयार. आधी कोंबडी देऊन मोकळं व्हायचं, मग उपदेश. पाटी कोरी. बाजारात गेलो, पण तिथे मठात येणारे दोघं भेटले. त्यांना दंडवत प्रणाम करून परत आलो.

५ डिसेंबर
कोंबडी द्यायचीच नाही असं ठरवलं. मी शिकलेला माणूस, पंथात जन्मलेला. ठाण्यावरचे दगड काय करणार?
दुपारी दुकानात रुखमाला ठसका लागला. हातातल्या सोल्डरिंगच्या सळईचा चटका बोटाला बसला. नुसता ठसका होता, शेंगदाण्याचा. तरी तिला तीनदा विचारलं, छातीत दुखतं का?

९ डिसेंबर
ललिताला सांगून टाकलं. वाटलं, माहेरची देवी, ती समजून घेईल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिच्यापुढं दिवा लावून लावून मी मोठी झाली. तिले सोडताना वर्षभर माही झोप उडली होती. तुमाले त कायीच सोडा लागलं नाही."


१४ डिसेंबर, दत्तजयंती
बाबांना एसटीने मठात नेलं, ललिता आणि रुखमाही सोबत. बसमधून उतरताना माझ्या खांद्यावर हात. चढावर चार वेळा बसले, पण गेले. नवं धोतर नेसले होते.
रांगेत माझ्या पुढे सिहोऱ्याकडचं एक शेतकरी जोडपं, पहिल्यांदाच पंथात येणारं. दोघं लगेच हो म्हणाले. मग माझी पाळी. महंतांनी विचारलं, दुसऱ्या देवतांची भक्ती, भीती, नवस, सगळं सोडलं का? साधा हो म्हणायचा होता. आठ दिवस तयारी केली होती. समोर रुखमा बसली होती, ललिताच्या मांडीवर, हसत.
मी म्हणालो, "एक कोंबडी बाकी आहे."
महंत नरमाईने म्हणाले, खोटं बोलून बसला नाहीत, बरं केलंत. मन झालं की या. इथे घाई नाही.
घाई बाबांना होती. परतीच्या बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी दोनदा पाणी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

१५ डिसेंबर
सकाळी कोंबडी घेऊन बोडीवर गेलो. ठाण्यासमोर सोडून दिली. हात जोडले. लहानपणापासून हात किती वेळा जोडले असतील, दरवेळी बाबांनी सांगितलं म्हणून. आज कोणी सांगितलं नव्हतं. पोर जगू दे, एवढंच म्हणालो आणि पाळीवर बसून रडलो.
घरी आलो. ललिताने पाहुण्याला ठेवतात तसं पाय धुवायला पाणी बाहेरच आणून ठेवलं. आतून बाबांनी विचारलं, कोण आलं?
ती म्हणाली, "कोनी नाही जी मामाजी, हेच आहेत."