निखारपंखी

प्रिय शारोल्ता,

खाडाखोड दिसू नये म्हणून हे पत्र पुन्हा स्वच्छ उतरवून काढलंय. शाळा अर्धवट सुटली तरी माझं शुद्धलेखन चांगलं, म्हणून पक्षीपालक संघाने पोपटांच्या नावांची यादी टाइप करायचं काम मला दिलं. एका पोपटाला देशभर एकच हंगेरियन नाव असावं, म्हणून बुडापेस्टला तज्ज्ञांच्या आणि पक्षीपालकांच्या बैठका चालल्या आहेत. तुला व्हिएन्नात हे कळायचं कारण नाही.

इकडे माकोत कांदा निघालाय. तुझ्या बाबांचे, वेंडेलकाकांचे गुडघे कुरकुरतात, पण पिंजरे अजून स्वतःच झाडतात. तू जेवणावरून उठून गेलीस तो रविवार मला आठवतो. तू म्हणाली होतीस, "बाबा, डोंगरी पोपट हे काय नाव? जो तो आपल्या पक्ष्याला डोंगरीच म्हणतो. हा बसला की राख, पंख उघडले की निखारे. निखारपंखी म्हणा ना!" काका म्हणाले, "पोपट आहे की शेगडी? चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवणार?" तुझ्या मागे यावं की मासळीचं सूप संपवावं हे माझं ठरेपर्यंत तुझी गाडी सुटली होती.

गेल्या हिवाळ्यात त्या पोपटाची मादी मेली. काकांनी ग्योरच्या एका पक्षीपालकाकडून फोनवर डोंगरी मादी मागवली. खोकं उघडलं तर आत भलतीच जात, दुसऱ्याच खंडातली. ग्योरकडे त्याच पक्ष्याला डोंगरी म्हणतात. भांडायचं तरी कोणाशी? नर तिच्याकडे पाठ करून बसायचा. खरी मादी मिळायच्या आत त्यानेही मान टाकली. तुझ्या आजोबांपासून चालत आलेला वंश संपला.

मग काका लग्नातला काळा कोट घालून माझ्याबरोबर बैठकीला आले. त्या पोपटाची पाळी येताच उठून म्हणाले, "निखारपंखी." अध्यक्ष हायनाल्काबाई समजुतीने म्हणाल्या, "काका, नाव छान आहे, पण तसे पंख आणखी जातींना आहेत." मागून कोणीतरी ओरडलं, "माकोवाल्यांनी कांद्यांची बारशी करावीत!" सगळे हसले. काका उभेच. "माझ्या मुलीने सुचवलंय," म्हणाले. "तेव्हा तिचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही."

मतदान झालं. एकच हात वर गेला, त्यांचा. मी नुसता टाइप करणारा, मला मत नाही. तरी हात उचलायला हवा होता. 'करडा गिरीपोपट' ठरलं, आणि ते मीच टाइप केलं.

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर बघत होते. सोल्नोक स्टेशन मागे पडल्यावर म्हणाले, "चोंगोर, हरलो ते शारोल्ताला कळवू नकोस." जिंकले असते तर कळव म्हणाले असते का, हे विचारायचं धाडस झालं नाही. यादी छापून येईल, त्यात ठरलेली नावं असतील. भरल्या सभेत उभं राहून तुझे बाबा काय म्हणाले, ते त्यात नसेल. म्हणून लिहिलं.

तुझाच,
चोंगोर