भागीरथी चाळ अद्याप उभी असल्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
आपत्ती प्रतिसाद व लोकसहभाग कक्ष,
लालबाग उपविभाग, मुंबई.

विषय : आमची चाळ आजमितीस उभी असल्याची नोंद घेऊन, ती पडण्यापूर्वी पाहणी करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या 'मदतसेतू' या ऑनलाइन नकाशावरील नोंद : 'भागीरथी चाळ – कोसळली. बचावकार्य पूर्ण.'
२) सदर नोंद चुकीची असल्याबाबत आमचे यापूर्वीचे सर्व अर्ज (आपल्याकडे असतीलच).

महोदय,

सविनय सादर करतो की, मी दौलत सखाराम घाडीगावकर, भागीरथी चाळ रहिवासी समितीचा चिटणीस असून, प्रस्तुत अर्ज त्याच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीत बसून लिहीत आहे. आपल्या नकाशाप्रमाणे या जागी गेल्या गणेशोत्सवापासून ढिगारा आहे. मला तो अद्याप दिसलेला नाही.

१. प्रकरणाचे मूळ असे की, गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील मंडळाने आपत्ती व्यवस्थापनावर देखावा केला. विषय आपल्याच कार्यालयाने सुचवलेला होता. कोसळलेली चाळ दाखवायची होती, आणि दुसऱ्या कोणाची चाळ पडलेली दाखवली असती तर त्यांनी मंडप उभा राहू दिला नसता, म्हणून आमचीच पाडायची ठरली. मंडळाचा कलाकार स्वप्नील याने वासे, प्लायवूड आणि थर्माकोल वापरून आमच्या चाळीचा दर्शनी भाग अर्धा पाडून दाखवला. ढिगाऱ्यातून साडीच्या दुकानातील पुतळ्याचा हात बाहेर काढला. एवढ्यावर न थांबता, अस्सलपणासाठी आमच्या दारावरची खरी पाटी उतरवून तिथे तिरकी टांगली. पाटी द्यायला मीच परवानगी दिली होती. देखावा इतका हुबेहूब झाला की आपल्या कार्यालयाने त्यास 'उत्कृष्ट जनजागृती' म्हणून प्रशस्तिपत्र दिले (प्रत सोबत).

२. उत्सवातच पाऊस लागला व सखल भागात पाणी भरले. शहरभरची मुले मोबाईलवरून निरोप गोळा करून मदतसेतूच्या नकाशावर खुणा करू लागली. हे काम मोलाचे आहे, हे मी मोकळेपणाने लिहितो. त्याच नकाशामुळे आमच्या मागच्या गल्लीतील डायलिसिसचे पेशंट पाण्यातून वेळेवर बाहेर निघाले. परंतु कोणा भक्ताने आमच्या देखाव्याचा फोटो 'लालबागला चाळ पडली, मदत पाठवा' असे लिहून पुढे धाडला. तो मनवा नावाच्या स्वयंसेविकेकडे पोहोचला. तिने पाटी वाचली, पत्ता जुळवला आणि चाळ पडल्याची खूण केली. पुढे ती मुलगी मला फोनवर रडत रडत सॉरी म्हणाली. तिचा काही दोष नाही. फोटो, पाटी, पत्ता, सगळे खरेच होते, फक्त चाळ पडली नव्हती.

३. त्यानंतर आपले पथक आले. पथकप्रमुखांनी ढिगारा कुठे आहे असे विचारले, कार्यकर्त्यांनी देखावा दाखवला. त्यांनी बूट काढून दर्शन घेतले, प्रसाद घेतला व मोबाईलवर नोंद केली. पर्याय दोनच होते, 'बचावकार्य सुरू' आणि 'बचावकार्य पूर्ण'. 'चाळ पडलीच नव्हती' असा पर्याय आपल्या कोणाला सुचलेला नसल्याने त्यांनी दुसरा निवडला. त्या दिवसापासून आम्ही अधिकृतरीत्या कोसळलेले आहोत.

४. सुरुवातीला आम्ही हसलो. ब्लँकेटे आली, ती परत केली. खिचडी आली, ती मात्र खाल्ली. देवगडला माझ्या थोरल्या बहिणीने माझे सुतक धरले आणि मी फोन केला तेव्हा घाबरून फोन ठेवून दिला. मग कुरिअरवाले 'पत्ता अस्तित्वात नाही' म्हणून परत जाऊ लागले. तरीही आम्ही निभावून नेले. मुंबईत कागदावर नसलेली माणसे पुष्कळ आहेत, त्यात आमची भर.

५. परंतु या पावसाळ्यात चाळ खरोखरच खचू लागली आहे. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, श्रीमती मीराबाई यांच्या खोलीबाहेर, गॅलरीची मुख्य तुळई मधोमध चिरली आहे. मीराबाई वृद्ध असून एकट्या राहतात. त्यांच्या दाराची चौकट कलल्याने दार लागत नाही आणि तुळशीच्या कुंडीत रोज सिमेंट पडते. त्या मला म्हणाल्या, "दौलत, ह्यां घर माझ्यापेक्षा जास्त कण्हता रे." मी हसण्यावारी नेले. घरी येऊन मात्र मदतसेतू उघडून बसलो.

६. मालकांचा ठावठिकाणा नाही, आणि आपल्या अभियंत्यांच्या पाहणीवाचून तुळईला हात लावायला कोणी कंत्राटदार धजत नाही. म्हणून मी मदतसेतूवर तक्रार केली. पत्ता भरताच उत्तर आले : 'सदर इमारत यापूर्वीच कोसळली आहे. कृपया सुरक्षित ठिकाणी जा.' मी आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवरील श्री. पुष्कर यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, एक बिल्डिंग दोनदा कशी पडेल? सिस्टिम घेतच नाही." नोंद काढायची तर चाळ नव्याने बांधल्याचा दाखला आणा, असे त्यांनी सांगितले. महोदय, नवी बांधलेली असती तर मी आपल्या खिडकीशी कशाला आलो असतो?

७. श्री. पुष्कर यांच्याच सूचनेवरून आम्ही चाळीचा ताजा फोटो नकाशावर टाकला. तो 'दुर्घटनेपूर्वीचे छायाचित्र' म्हणून नाकारला गेला. मग सर्व रहिवासी त्या दिवसाचे वर्तमानपत्र हातात धरून अंगणात उभे राहिले व तो फोटो टाकला. त्याखाली अनोळखी लोकांनी हात जोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले. माझ्या वाट्याला बरीच आली.

८. शेवटी चाळीतील मुलांनी चिरलेल्या तुळईचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला. खोटा फोटो तासाभरात शहरभर फिरला होता, तर खरा व्हिडिओ का फिरू नये, असा आमचा भाबडा हिशेब. तो फिरलाही. मग अफवा तपासणाऱ्या एका गटाने त्यावर 'खोटे' असा लाल शिक्का मारला आणि पुरावा म्हणून आमच्या देखाव्याचा फोटो जोडला. 'लालबागवाले दरवर्षी तेच नाटक करतात' असे खाली लोकांनी लिहिले. आता परिस्थिती अशी की, आपल्या कार्यालयाच्या मते चाळ पडून गेली आहे आणि जनतेच्या मते ती पडूच शकत नाही. मधल्या जागेत आम्ही राहतो. मला याचा अतिशय संताप आहे, आणि तो अर्जाच्या भाषेत बसवताना माझ्या नाकी नऊ आले आहेत.

९. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या मिरवणुका पाहायला सगळ्यांचे पाहुणे याच गॅलरीत दाटीवाटीने उभे राहतात. लेकी-जावई, नातवंडे, कोकणातली माणसे, कोणाला नको म्हणणार? मी तुळईपाशी दोरी बांधली, तर तिच्यावर कपडे वाळू लागले. मीराबाईंना आम्ही आमच्या खोलीत आणले आहे, पण तिन्हीसांजेला त्या देवापुढे दिवा लावायला आपल्या खोलीत जातातच. त्या परत येईपर्यंत मी दारात उभा असतो. माझी भीती एवढीच आहे आणि ती साधी आहे.

१०. सबब विनंती की, प्रथम आमची चाळ उभी असल्याची नोंद घ्यावी, जेणेकरून ती पडत असल्याची तक्रार आपणांस स्वीकारता येईल. जुनी नोंद पुसणे अशक्य असल्यास आम्हांस शेजारची वेगळी इमारत समजावे. चाळीचे नाव बदलायला समितीने एकमताने मान्यता दिली आहे. पणजोबांच्या पिढीपासूनचे नाव आहे, पण माणसांपेक्षा मोठे नाही.

ता. क. हा अर्ज पूर्ण होत असताना स्वप्नील मंडळाच्या गोदामातून त्या देखाव्याचे वासे घेऊन आला. आम्ही सर्वांनी मिळून ते चिरलेल्या तुळईखाली टेकू म्हणून ठोकले. खोटी चाळ पडलेली दाखवण्यासाठी जे वासे आणले होते, त्यांच्यावर आता खरी चाळ तोललेली आहे. यंदाच्या देखाव्यासाठी मंडळाला ते येत्या पंधरवड्यात परत हवे आहेत. स्वप्नील म्हणतो, "काका, मी थांबवतो त्यांना, पण किती दिवस?" याचे उत्तर आपण द्यावे.

आपला,
दुसऱ्या मजल्यावर अजून राहत असलेला,
(सही)
दौलत सखाराम घाडीगावकर
चिटणीस, भागीरथी चाळ रहिवासी समिती, लालबाग
दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) देखाव्याचे प्रशस्तिपत्र, आपल्याच सहीचे.
२) तुळईचे फोटो, टेकू लावण्यापूर्वीचे व नंतरचे.
३) सर्व रहिवाशांच्या सह्या.
४) श्रीमती मीराबाई यांचा हयातीचा दाखला. त्यांनी तो स्वतःहून दिला आहे व काम झाल्यावर परत मागितला आहे.