गुरुत्वाकर्षण जिंकल्याचा दुखवटा

तीर्थस्वरूप ईरप्पामामांस,

कोल्हापुराहून विद्याश्रीचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि त्यावरून मामींना आलेला राग, दोन्ही आता उतरले असतील अशी आशा आहे. मी ठीक. अप्पांचं विचारू नका.

पाच वर्षं मी आकाशगंगांची दाटी मोजते आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (नृसिंहवाडीच्या रांगेतली माणसं मोजण्यासारखंच, असं तुम्ही म्हणाला होता. आता भांडायचं त्राण नाही.) आकाशगंगा कुठं घोळक्यानं आहेत, कुठं विरळ, यावरून गुरुत्वाकर्षणाचा जोर कळतो. एक नवा सिद्धांत म्हणतो, की अतिदूरच्या अंतरावर हा जोर जुन्या नियमापेक्षा जरा जास्त असतो. तसं असेल तर घोळके जास्त दाट हवेत. एवढंच तपासायचं होतं. पण शिरोलीत फौंड्री चालवणाऱ्या माणसाला एवढ्यानं समाधान कुठलं! "आमची विद्या गुरुत्वाकर्षणाला पाडणार हाय," असं अप्पांनी चौकात जाहीर केलं आणि गल्लीतल्या मंडळानं निकालाआधीच अभिनंदनाचा डिजिटल बोर्ड लावला. त्यावर माझा आधार कार्डावरचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे चेहरे आणि एक बैल. (बैल कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.)

सोमवारी निकाल उघडला. (मनाजोगता निकाल यावा म्हणून कुणी आकडे वाकवू नयेत, यासाठी आम्ही तो शेवटपर्यंत स्वतःपासूनही झाकून ठेवतो. अप्पांना हे पटतच नाही. "सोताचाच पेपर सोताला म्हाईत न्हाय व्हय?") घोळके जुन्या नियमाबरहुकूम निघाले. नवा सिद्धांत गेला. निकाल स्वच्छ लागला म्हणून विद्यापीठात पेढे वाटले. त्यातले चार घेऊन घरी येते, तर शेजारच्या शालूबाई मयताच्या घरी देतात तशी पिठलं-भाकरी फडक्यात बांधून हजर! "जाऊ दे गं, फुडच्या वर्षी पाडशील की," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. अव्वानं, म्हणजे तुमच्या बहिणीनं, खरोखरच गॅस पेटवला नव्हता. अप्पा तेव्हापासून ना चौकात जातात, ना माझ्याशी बोलतात. सिद्धांत खोटा ठरवणं हेही कामच असतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. अगदी वैतागले आहे.

तुमची भाची,
विद्याश्री

ता. क. अप्पा तुमचं ऐकतात. रविवारी येऊन एकदा ठणकावून सांगा, की ही हार नव्हे.

आणखी एक. मामा, तो नवा सिद्धांत मीच मांडला होता. घरात कुणाला सांगितलं नाही. विद्यापीठातला पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही. तेव्हा अप्पांना काही समजावू नका, त्यांचंच बरोबर आहे. रविवारी मात्र नक्की या आणि मला चार दिवस तुमच्याकडे घेऊन जा.